नाकासमोर

पालो आल्टोहून निघून डोंगर ओलांडला की पॅसिफिकच्या काठाला हाफ मून बेचा विमानतळ लागतो. दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, लष्करासाठी बांधलेली दीड किलोमीटरची धावपट्टी आणि शेजारी प्रिन्स्टनचं मासेमारी बंदर. कंट्रोल टॉवर नाही. विमान लावायचं, चालत बंदरावर जाऊन मासे खायचे आणि परतायचं, असा बे एरियातल्या हौशी वैमानिकांचा सुट्टीचा बेत असतो. माझा मावसभाऊ दादा त्यांतलाच. त्यानं भाड्यानं घेतलेलं विमान साठच्या दशकातलं सेस्ना 172 होतं. चार आसनं, सहा सिलिंडर, 145 अश्वशक्ती.

जेवून आलो तेव्हा धुकं नुकतंच उठलं होतं. हवा गार आणि दमट. एक विमान उतरत होतं म्हणून इंजिन मंद ठेवून थांबलो. दादा सवयीनं मोठ्यानं म्हणाला, "चढताना इंजिन गेलं तर नाकासमोर उतरायचं. मागे वळायचं नाही."

वायव्येला झेपावलो. बंदर मागे पडलं, डावीकडे समुद्र, समोर मॉस बीचची घरं. पाच-सहाशे फुटांवर विमान थरथरू लागलं. इंजिनाचा आवाज फाटला, फेऱ्यांचा काटा उतरू लागला.

मान आपोआप धावपट्टीकडे वळली. दादानं मात्र सगळ्यात आधी विमानाचं नाक खाली केलं. जमीन जवळ येत असताना ती आणखी जवळ आणायची, हे मनाला पटतच नाही. पण वेग गेला तर पंखांचा आधारही जातो, आणि तिरकं वळण घेताना तो लवकर जातो. पंचेचाळीस अंशांच्या वळणात विमान सुमारे 19 टक्के जास्त वेगालाच 'स्टॉल' होतं. एवढ्या कमी उंचीवर ते सावरायला जागाच नसते.

"दादा, तो किनारा?"

"बघितलाय. पट्टा घट्ट कर."

मग त्यानं कार्बोरेटर हीटचा नॉब बाहेर ओढला. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब घटतो, पेट्रोलची वाफ होते, आणि दोन्हींमुळे तापमान वीस अंशांहूनही जास्त उतरू शकतं. म्हणून बाहेर पंधरा अंश असतानाही दमट हवेतल्या बाष्पाचा आत बर्फ होतो. नॉब ओढला की एग्झॉस्टभोवती तापलेली हवा आत येते.

इंजिन आणखीच खोकलं. वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जात होतं. नॉब परत ढकलावासा वाटावा असा तो क्षण. दादानं हात काढून घेतला. पेट्रोलची कळ दोन्ही टाक्यांवर आहे ना, हवा-पेट्रोलचं मिश्रण पूर्ण 'रिच' आहे ना, हे तपासलं. दोन-चार धक्के बसले आणि आवाज सलग झाला, काटा वर सरकला. तेव्हा कुठे त्यानं रेडिओवर सांगितलं, "परत येतोय." रुंद वळसा घालून उतरलो.

मेकॅनिकनं झाकण उघडून पाहिलं, इंजिन पूर्ण ताकदीवर चालवलं. काही सापडलं नाही, आणि सापडणारही नव्हतं. हा चोर पुरावा वितळवूनच पळतो.

दुपारी ऊन पडलं, हवा कोरडी झाली. धावपट्टीच्या तोंडाशी दादानं नॉब पुन्हा ओढला. काटा थोडा उतरला आणि तिथेच ठरला. म्हणजे आत बर्फ नव्हता. नॉब आत ढकलत त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"चल," मी म्हणालो, आणि त्यानं थ्रॉटल दिलं.