लांडगा-कोळिणीच्या मुक्कामाविषयी

दापोली,
श्रावण वद्य दशमी

चि. निरंजन यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. बरणीतली कोळीण गौरी-गणपतीच्या झाडलोटीपूर्वी घराबाहेर गेलीच पाहिजे, असे जे फर्मान वहिनींनी काढले आहे त्यास मुदतवाढ मिळावी म्हणून तू माझी शिफारस मागितली आहेस. शिफारस मी देतो. परंतु ज्याचा जन्म महसूल खात्याच्या दप्तरात खरेखोटे कागद पारखण्यात गेला, त्याच्याकडून आलेल्या शिफारशीस अटी जोडलेल्या असणारच, हे तू आधीच गृहीत धरले असशील.

वहिनींना प्रथम हे सांग, की ज्या जळमटांवर त्यांचा रोष आहे ती या प्राण्याची नव्हेत. लांडगा-कोळ्यांच्या कुळातील बहुतेक जाती भक्ष्यासाठी जाळे विणीतच नाहीत. त्या जमिनीवर राहतात, दबा धरतात आणि धावत जाऊन झडप घालतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या अखेरीस गवतावर दवाने पांढरी दिसणारी, एका टोकास नळीसारखे बीळ असलेली जी सपाट जाळी आढळतात, ती विणणारी हिप्पासा ही या कुळातली अपवादात्मक शाखा होय. आणि तीही आपले विणकाम माणसाच्या माळ्यावर आणून ठेवीत नाही. विषाचे म्हणशील, तर बोटात चिरडला गेल्यास हा कोळी चावतो, दुखते, थोडी सूज येते, आणि निरोगी माणसाच्या बाबतीत प्रकरण बहुधा तेथेच निकालात निघते. इटलीतील तारांतो शहरावरून ज्याचे नाव पडले आणि ज्याची लिनियसने १७५८ साली शास्त्रीय नोंद केली तो कोळी याच कुळातला. त्याच्या दंशाने माणूस बेभान होतो आणि नाचल्यावाचून बरा होत नाही, अशी समजूत त्या प्रांती शतकानुशतके होती. दंश खरोखरच झाले असतील तर त्यांचा कर्ता बहुधा त्याच शेतांत राहणारा दुसराच एक लहान काळा कोळी असावा. परंतु तो दृष्टीस पडत नाही, आणि हा मोठा, केसाळ व उघड्यावर धावणारा, म्हणून आरोप याच्या माथी बसला. खटल्यांत असे पुष्कळदा घडते.

आता मुख्य बाब. तुझी कोळीण जो करडा गोळा मागे ओढीत चालते तो तिचा अंडकोश असून, सूत काढणाऱ्या अवयवांस तो तिने स्वतः जोडून घेतला आहे. तो अधिक स्पष्ट दिसावा म्हणून अलग करण्याचा मोह तुला होईल, तो टाळ. पिल्ले तयार झाली की कोशाची शिवण आपल्या जबड्यांनी उसवून त्यांना वाट करून देणे हे काम आईचे आहे, आणि ती नसल्यास पिल्ले पुष्कळदा आतच कोंडून मरतात. फ्रान्सच्या दक्षिणेस, सेरिन्यां गावातल्या आपल्या ओसाड आवारात आयुष्याची अखेरची वर्षे कीटक पाहण्यात घालवणारे जाँ-आंरी फाब्र यांनी अशाच एका कोळिणीचा कोश काढून घेऊन तिला बुचाच्या लाकडाची गोळी दिली, तेव्हा तिने ती निःशंकपणे मागे जोडून घेतली व तिच्यावर तितकीच माया केली. फाब्रना यात तिच्या बुद्धीची मर्यादा दिसली. मला त्या प्रयोगात किंचित निष्ठुरपणाही दिसतो. पण त्याच माणसाने कोळीण बिळाच्या तोंडाशी बसून मागच्या पायांनी कोश उन्हात फिरवीत राहते हेही तासन् तास पाहून लिहून ठेवले, म्हणून त्यांना फार बोल लावणे माझ्या जिवावर येते.

पिल्ले बाहेर आली की आईच्या पाठीवर चढतात, एकावर एक थर देऊन बसतात आणि आपल्याकडच्या लहान जातींत थोडे दिवस तशीच वाहिली जातात. तिच्या पाठीवरच्या केसांची रचनाच अशी, की त्यांच्या गाठाळ टोकांना पिल्लांना घट्ट धरता यावे. हे दृश्य तुझ्या वाट्याला येण्याचा योग आहे, म्हणूनच मुदतवाढीस माझी हरकत नाही.

मात्र मुक्काम नीट ठेव. बरणीत दोन बोटे ओलसर माती, वर झाकणास बारीक भोके, आणि उथळ झाकणात पाणी. आहारापेक्षा पाण्याची काळजी अधिक. कोळ्याच्या पायांतील प्रमुख सांध्यांना पाय वाकवणारे स्नायू असतात, पण सरळ करणारे नसतात. अंगातील द्रवाच्या दाबाने ते पाय ताणले जातात, आणि शरीरातले पाणी कमी पडले की दाब उतरून पाय पोटाखाली दुमडू लागतात. मेलेला कोळी नेहमी मूठ वळल्यासारखा का दिसतो, याचेही कारण हेच. तिने न खाल्लेला रातकिडा बरणीत ठेवू नकोस, आणि सोबतीसाठी म्हणून दुसरा कोळी तर मुळीच घालू नकोस; या मंडळींत सोबत आणि भोजन यांत फारसा भेद केला जात नाही.

छायाचित्राविषयी तू डोळ्यांच्या चकाकीचे विचारले आहेस. येथे भाताच्या खाचरांच्या बांधावर रात्री बॅटरी कपाळाशी धरून पाहिले, तर गवतात हिरवट ठिणग्या पसरलेल्या दिसतात. त्यांतले पुष्कळसे पार्डोसा जातीचे लहान लांडगा-कोळी असून पाण्याच्या पृष्ठावरूनही धावतात आणि भातावरचे तुडतुडे खाऊन शेतकऱ्याची बिनपगारी चाकरी करतात. सरसकट विषारी फवारणी केली की आधी हे चाकर मरतात आणि मग तुडतुडे माजतात, हे भातपिकाच्या अभ्यासकांनी अनेक देशांत पाहिले आहे. परंतु तीच बॅटरी हातभर बाजूला धर, ठिणग्या विझतात. त्यांच्या मोठ्या डोळ्यांमागे प्रकाश परतवणारा पडदा असतो आणि तो प्रकाश आला त्याच वाटेने माघारी धाडतो. तेव्हा फ्लॅश लेन्सला चिकटून असेल तर डोळे पेटलेले येतील, बाजूस व वर असेल तर काळे, तकतकीत येतील. मला काळेच आवडतात, कारण त्यांत आठांची मांडणी उमगते: खाली चार बारीक, मध्ये दोन थोरले, आणि वर मागच्या अंगास दोन. फ्लॅशपुढे पांढरा कागद धर. नाहीतर त्या थोरल्या डोळ्यांत दिव्याची चौकट लख्ख उमटते.

भिंग तिच्या डोळ्यांच्या पातळीवर आण, म्हणजे जमिनीवर पालथा पड. पूर्णाकार चित्र घेताना अ‍ॅपर्चर अकरावर ठेवले तरी जेमतेम एक-दीड मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते; ती मधल्या दोन डोळ्यांस दे, आणि पाय अस्पष्ट राहिले तर राहू देत. सर्वांग सुस्पष्ट यावे म्हणून हल्ली पुष्कळ जण अनेक छायाचित्रे एकात एक बसवतात, त्यास माझी ना नाही. परंतु त्यासाठी प्राणी निश्चल हवा म्हणून त्यास शीतकपाटात गारठवून मग फुलावर मांडून ठेवणारेही आहेत. थंडीने त्याच्या हालचाली मंदावतात, पाय अंगाशी ओढले जातात, आणि जाणत्याच्या नजरेस ते तत्क्षणी कळते. तो बनावट दस्त होय. जागेवर न जाता कचेरीत बसून लिहिलेला पंचनामा मी कधी मंजूर केला नाही, मग त्याचे अक्षर कितीही वळणदार असो.

म्हणून अट एवढीच, की बरणीत तिने जे केले तेच चित्रात यावे, आणि पिल्ले पाठीवरून उतरून पांगू लागली की त्यांची व आईची रवानगी, जेथून आणलीस त्याच ओढ्याच्या काठी, संध्याकाळच्या वेळी व्हावी. गच्चीवरच्या कुंडीत नव्हे. पिल्ले एकमेकांस खाऊ लागण्यापूर्वी हे उरकले पाहिजे, तेव्हा तारीख तू ठरवू नकोस, ती ठरवील.

नव्या फ्लॅशची खरेदी तूर्त तहकूब ठेव. माझ्याकडे दोन पडून आहेत; त्यांतला हलका मी गौरी-जेवणास येईन तेव्हा आणतो. ती. दादांना व सौ. वहिनींना शि. सा. नमस्कार.

तुझा,
अप्पाकाका