पऱ्हाटी आणि प्रभामंडळ

मी पक्की कॉन्व्हेंटवाली. पहिली वेलांटी की दुसरी, इथेच घाम फुटतो. "इंग्लिश सेक्शनमध्ये का नाही लिहिलंस?" असं रूममेटने विचारलंच! चुका पोटात घाला.

गेल्या वर्षी विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, आम्ही नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी दुर्बीण पाहायला गेलो. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश! हायड्रोजन वायू १४२० मेगाहर्ट्झवर रेडिओ लहरी सोडतो. ही फ्रिक्वेन्सी किती सरकली यावरून दीर्घिकेतला वायू किती वेगाने फिरतो ते कळतं. म्हणजे आपल्या ब्रँचचाच विषय की!

सूर्यापासून लांबचे ग्रह हळू फिरतात. दीर्घिकेत मात्र कडेचा वायूही आतल्याइतकाच जोरात पळतो. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेतले असे वेग १९७० मध्ये प्रसिद्ध केले. दिसणाऱ्या ताऱ्यांचं वस्तुमान एवढ्या वेगाला आवरायला पुरत नाही. म्हणून दीर्घिकेभोवती न दिसणाऱ्या डार्क मॅटरचा प्रचंड हेलो मानतात. मराठीत प्रभामंडळ. (यात प्रभा कुठे आहे, देव जाणे!)

सुट्टीत हे बाबांना सांगितलं. दारव्ह्याकडे आमचं सहा एकर वावर, कपाशीचं.

"दिसत नाई, तं हाये कायवरून?"

"ओढीवरून, बाबा."

"मंग जेवढा मोठा हेलो, तेवढे जास्त तारे?"

इथेच तर खरी मजा आहे. आपल्या आकाशगंगेचा हेलो सुमारे एक लाख कोटी सूर्यांएवढा, त्यात ताऱ्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के. आणि हाच उतारा सगळ्यात चांगला! लहान हेलोची ओढ कमी, तारे फुटले की वायू बाहेर उडून जातो. फार मोठ्या हेलोत वायू इतका तापलेला असतो की थंड होऊन तारे बनतच नाहीत. मधलं कृष्णविवर त्याला आणखी तापवतं.

बाबा म्हणाले, "बरड वावरात पानी ठयरत नाई. भारी वावरात साचलं का पऱ्हाटी पिवयी पडते. पिकते ते मधातलं."

मला हे समजायला आठवडा लागला होता. आणि याच बाबांना, वऱ्हाडी बोलतात म्हणून, शाळेच्या पेरेंट्स मीटिंगला मी येऊ देत नव्हते.

सेमिनारमध्ये मी हेच उदाहरण दिलं. टाळ्या पडल्या. सरांनी विचारलं, "कुठून घेतलंस?"

"नेटवर वाचलं, सर."

बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. अंक घरी नेणार आहे. ते मराठीच वाचतात.

— तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स