रंगाखालची ओल

तुळशीचं लग्न लागलं की मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात, आणि त्याच सुमारास हवेतली ओल ओसरू लागते. समुद्रावरून येणारे दमट वारे केव्हाच परतलेले असतात. आता वारा येतो तो जमिनीवरून, कोरडा आणि पहाटे झोंबणारा. नागपूर, जळगाव, नाशिककडे ओठ फुटतात, नाकाच्या कडेला कोंड्यासारखे पापुद्रे सुटतात, पोरांच्या पोटरीवर नखाने रेघ ओढली तर ती पांढरी उमटते. आणि नेमक्या याच दिवसांत वर्षातला सर्वांत जास्त रंग चेहऱ्यांवर चढतो. नवरीच्या, करवल्यांच्या, वरमाईच्या, आणि आताशा नवरदेवाच्याही. त्वचा सर्वांत तहानलेली असते तेव्हाच तिच्याकडे आपण सर्वांत मोठं मागणं मागतो: पहाटेच्या मुहूर्तापासून रात्रीच्या स्वागतसमारंभापर्यंत उजळून राहा, दिव्यांच्या झोतात राहा, डोळ्यांतलं पाणी गालांवरून ओघळलं तरी विस्कटू नकोस.

ती बिचारी जमेल तेवढं करते. मग दुपारपर्यंत ओठांच्या कोपऱ्यात भेगा दिसतात, डोळ्यांखाली बारीक सुरकुत्यांत रंग साचतो, कपाळावर पोपडे वर येतात. पार्लरमध्ये म्हणतात, बेस पॅची दिसतोय, मेकअप केकी झालाय. त्यावर हात जातो तो पुन्हा पावडरीच्या पफकडे. आणखी एक थर, मग आणखी एक. अंगण सारवणाऱ्या बाईला विचारा, ती सांगेल की तापलेल्या कोरड्या जमिनीवर सारवण धरत नाही. आधी पाणी शिंपडावं लागतं, ते जमिनीत मुरू द्यावं लागतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी खपल्या उडतात. चेहऱ्याचंही तसंच. फाटतो तो रंग नसतो, खालची जमीन फाटत असते.

ही जमीन आहे तरी केवढी? त्वचेचा अगदी वरचा थर मृत पेशींचा. चेहऱ्यावर त्याची जाडी वहीच्या पानाहूनही कितीतरी कमी. या चपट्या पेशींच्या मधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं अशा स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. ती शाबूत असली की आतलं पाणी आत राहतं. ती झिजली की पाणी नकळत हवेत उडत राहतं, आणि हवा जितकी कोरडी तितकं ते लवकर उडतं. या थरात निदान १० टक्के पाणी उरलं तरच तो लवचिक राहतो. त्याखाली गेलं की हसताना, बोलताना तो ताणला जातो आणि तडकतो.

१९५२ साली आयर्विन ब्लँक या अमेरिकन संशोधकाने याचा एक साधा, सुंदर प्रयोग नोंदवला. घट्ट्याच्या कातडीचे वाळलेले, कडक तुकडे त्यांनी तेलात ठेवले. ते कडकच राहिले. पाणी मिळालं तेव्हा मात्र तेच तुकडे मऊ झाले. त्वचेला मऊपणा देतं ते पाणी. मग तेल कशासाठी? मिळालेलं पाणी राखण्यासाठी. कोरड्या त्वचेची सगळी निगा या एवढ्या दोन वाक्यांत मावते, आणि बहुतेकींचा सकाळचा घोटाळा या दोन वाक्यांची उलटापालट झाल्यामुळे होतो. कोरड्या ठणठणीत चेहऱ्यावर जाड क्रीम थापलं जातं, त्याखाली राखायला पाणीच नसतं.

म्हणून मला दिवाळीचं अभ्यंगस्नान इतकं शहाणं वाटतं. थंडी उंबरठ्यावर येते त्याच पहाटे घरातली वडीलधारी बाई एकेकाला पाटावर बसवते आणि आधी तेल जिरवते, मग उटणं लावते, मग ऊन पाणी घालते. या क्रमात फार विचार आहे. तेल आधी असल्यामुळे उटण्याचा खरखरीतपणा त्वचेला बोचत नाही, गरम पाणी तिची स्निग्धता ओरबाडून नेत नाही, आणि अंगावर मागे राहिलेला तेलाचा पुसट हात नुकतंच मिळालेलं पाणी धरून ठेवतो. लग्नाच्या हळदीतही हळद तेलात कालवण्याची चाल अनेक घरांत आहे, तिचं मोल यासाठीच. अलीकडे मात्र हळदीत, फेसपॅकमध्ये उजळपणासाठी लिंबू पिळतात. ते टाळावं. लिंबाच्या रसाची आंबट तीव्रता आधीच तडकलेल्या त्वचेला जाळते, आणि दुसऱ्याच दिवशी तिच्यावर रंग चढायचा असतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांत या कोरडेपणावरचे उपाय फडताळातच असत. दुधावरची साय होती, तूप होतं. कोकणात कोकमाच्या बियांचं तेल काढत. ते थंड झालं की घट्ट होतं, त्याचा गोळा वळून ठेवता येतो, आणि बोटाच्या उबेने घासलं की जरासं विरघळून भेगेत शिरतं. फुटलेल्या टाचांना आणि ओठांना कोकणातल्या कित्येक पिढ्यांनी तेच लावलं. आज तेच कोकमतेल ‘कोकम बटर’ या नावाने महागड्या लिपबामच्या डबीवर छापलेलं दिसतं, आणि मला त्याचा आनंदच होतो. चांगली गोष्ट कोणत्याही नावाने टिकली तरी टिकली.

पुढे शहरांत ‘स्नो-पावडर’ आली. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ बाजारात आणला आणि कित्येक दशकं तो घराघरांतल्या आरशासमोर विराजमान होता. स्नो म्हणजे स्टिअरिक आम्ल आणि पाणी यांचं हलकं मिश्रण. लावताच जिरून दिसेनासं होणारं, तेलकट न वाटणारं, वर पावडर नीट बसवणारं. मुंबईच्या चिकट हवेला ते अगदी साजेसं. कोल्ड क्रीमचं कूळ त्याहून फार जुनं. दुसऱ्या शतकातल्या गेलेन या ग्रीक वैद्याच्या नावावर ते सांगितलं जातं: मेण, ऑलिव्हचं तेल आणि गुलाबपाणी एकत्र घोटलेलं. लावल्यावर त्यातलं पाणी उडताना गार वाटतं, म्हणून ते कोल्ड, आणि मागे राहतो तो मेणातेलाचा राखणदार थर. दमट हवेला स्नो, कोरड्या थंडीला कोल्ड क्रीम, हा भेद आपल्या आज्या नेमका पाळत. आज दुकानात शेकडो नावं असली तरी प्रश्न तोच विचारायचा: ही वस्तू माझ्या त्वचेला पाणी देते, पाणी राखते, की तिचं उरलंसुरलं तेल शोषते?

मॅट दिसणाऱ्या, दिवसभर न हलणाऱ्या रंगांना हा प्रश्न जरूर विचारावा. लावताना ते पातळ, गुळगुळीत असतात, कारण त्यांत पटकन उडून जाणारी द्रव्यं असतात. ती उडतात आणि मागे घट्ट पापुद्रा राहतो. तेलकट त्वचेवर तो शोभतो. कोरड्या ओठांवर त्याच्या चिरा पडतात. पावडरीतलं टाल्क आणि सिलिका तेल टिपण्यासाठीच असतं. ज्या गालांवर टिपायला तेलच नाही, तिथे ती काय टिपणार?

तेव्हा रंगाच्या दिवशी सकाळी थोडा वेळ चेहऱ्यासाठी राखून ठेवावा. कढत पाण्याने आणि अंगाच्या साबणाने तोंड धुऊ नये. साबण क्षारधर्मी असतो, त्वचेचा पृष्ठभाग मात्र किंचित आम्लधर्मी, आणि साबण मळाबरोबर त्या मोलाच्या स्निग्धतेलाही घेऊन जातो. कोमट पाणी आणि सौम्य, फेस न करणारं क्लेन्झर पुरे. मऊ पंच्याने चेहरा टिपावा, घासू नये. तो अजून ओलसर असतानाच ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक आम्ल असलेलं, पाणी ओढून घेणारं काही लावावं, आणि लगेच त्यावर सिरॅमाइड किंवा शिया असलेलं क्रीम. नुसतं ग्लिसरीन लावून थांबू नये. कोरड्या हवेत त्याला वरून पाणी मिळत नाही, मग ते खालच्या थरांतलं ओढतं. ओठांवर आणि नाकाच्या कडांना व्हॅसलिनचं अगदी पुसट बोट. पाणी राखण्यात पेट्रोलियम जेलीच्या तोडीचं फारसं काही नाही. उन्हात जायचं असेल तर सनस्क्रीन.

मग थांबावं. दहा मिनिटं तरी. बहुतेक घाई इथेच होते. क्रीम मुरलेलं नसतं आणि वर फाउंडेशन येतं. दोन्ही एकमेकांवर घसरतात आणि रंगाच्या गोळ्या निघतात. या दहा मिनिटांत केस विंचरावेत, चहा घ्यावा, गजरा सोडवून ठेवावा. मुरलेल्या ओलाव्यावर मग पातळ, क्रीमसारखं फाउंडेशन, ओल्या करून पिळलेल्या स्पंजने, हलक्या थापांनी. जिथे हवं तिथेच, थोडंच. गालांवर पावडरीच्या ब्लशऐवजी क्रीमचा. पावडर लावायचीच तर कपाळाच्या मध्यावर आणि नाकावर, मोठ्या ब्रशने, उडती. ओठांवरचं व्हॅसलिन टिपून मगच लिपस्टिक. दिवसा चेहरा ओढल्यासारखा वाटला तर पावडर नको. ओलसर स्पंजने तो भाग दाबावा आणि बोटाच्या टोकावर क्रीमचा थेंब चोळून थोपटावा.

हे सगळं ज्यांना आपल्यापेक्षा फार आधी शिकावं लागलं ते म्हणजे रंगपटातले लोक. सफेदा, पिवडी, हिंगूळ अशी रंगद्रव्यं कालवून चेहरे रंगवण्याचा तो काळ. त्यांतला हिंगूळ तर पाऱ्याचं संयुग. बर्लिनमध्ये लुडविग लाइखनर या ऑपेरागायकाने १८७३ च्या सुमारास चरबी आणि मेणात घोटलेल्या रंगांच्या कांड्या बनवायला घेतल्या, कारण रंगाखाली जाणारा चेहरा त्याचा स्वतःचा होता. त्याच्या ग्रीजपेंटने जगभरच्या नटांना दिलासा दिला. आपल्याकडे स्त्रीभूमिका करणारे नट रात्र रात्र गात आणि रंगाखाली घामेजत राहिले. सिंधुदुर्गातले दशावतारी आजही जत्रांच्या हंगामात, म्हणजे ऐन थंडीत, गावोगाव स्वतःच्या हाताने तोंड रंगवतात, पहाटेपर्यंत खेळ करतात आणि दुसऱ्या रात्री पुढच्या गावात पुन्हा रंग चढवतात. ज्याला उद्या पुन्हा याच चेहऱ्याने राजा व्हायचं आहे, त्याला आज तो चेहरा सांभाळावाच लागतो. खोबरेल तेल हातावर घेऊन संथपणे रंग सोडवणं हा त्याच्या लेखी खेळाचाच भाग आहे.

माझं सांगणं नेमकं इथेच आहे. आपण रंग लावण्याला सोहळा मानतो आणि रंग उतरवण्याला कंटाळा. कोरड्या त्वचेचं भलंबुरं मात्र उतरवण्यावर ठरतं. रात्री दमून आल्यावर ओल्या वाइपने खसाखसा पुसणं म्हणजे दिवसभर ताणलेल्या त्वचेला शेवटचा ओरखडा. त्याऐवजी तेल किंवा क्लेन्झिंग बाम कोरड्या हातावर घ्यावा, कोरड्या चेहऱ्यावर फिरवावा. रंग तेलातलाच असतो, तो तेलालाच सुटतो. पापण्यांवर कापूस भिजवून क्षणभर नुसता ठेवावा, काजळ आपोआप येतं. मग सौम्य क्लेन्झर, कोमट पाणी, आणि ओलसर चेहऱ्यावर सकाळपेक्षा जाड क्रीम. ज्यांना पुटकुळ्या येतात त्यांनी खोबरेल चेहऱ्यावर ठेवून झोपू नये, धुऊन टाकावं. त्वचेचा वरचा थर पूर्ण नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय वाढेल तसे अधिक. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशीच्या फेशियलपेक्षा लग्नाआधीच्या महिन्यातल्या साध्या रात्री जास्त कामाच्या.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लग्न ठरलं की गोरं होण्याच्या क्रीमच्या ट्यूब हातोहात फिरतात, मैत्रिणीकडून मैत्रिणीकडे, मेडिकलच्या काउंटरवरून थेट पर्समध्ये. त्यांतल्या काहींत स्टेरॉइड असतं. पहिले काही दिवस चेहरा उजळल्यासारखा दिसतो. मग त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, ऊन सोसवत नाही, आणि क्रीम थांबवलं की सगळं दुपटीने उफाळतं. डॉक्टरांनी लिहून न दिलेली अशी ट्यूब नवरीच्या हाती देऊ नका. खाज, जळजळ, सोललेले लाल चट्टे हा नुसता कोरडेपणा नसतो. त्याला मेकअपखाली न लपवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. नवीन उत्पादन चेहऱ्यावर लावण्याआधी दोन-तीन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहावं, आणि ते लग्नाच्या आठवड्यात तर मुळीच सुरू करू नये.

रंगाबद्दल माझ्या मनात जराही आकस नाही. नटण्याची हौस हा माणसाच्या जगण्यातला निर्मळ आनंद आहे, आणि कोरड्या त्वचेच्या बाईने तो सोडून द्यावा असं कुणी सांगत असेल तर ते ऐकू नये. फक्त रंग लावायला जेवढा वेळ देता, तेवढाच तो उतरवायला द्या. पाणी आधी, तेल नंतर, रंग थोडा. घरात यंदा लग्न असेल तर नवरीच्या आहेराच्या यादीत लिपस्टिकच्या आधी एक चांगलं, बिनवासाचं क्रीम लिहा, आणि ते तिच्या हाती महिनाभर आधी द्या.