नकाशावरील आठवडा

प्रवासवर्णनें पुष्कळ लिहिलीं जातात. परंतु प्रवासाची आंखणी करण्यांत जें सुख असतें, त्याविषयीं कोणी फारसें लिहीत नाहीं. हल्लीं रात्रीं जेवणें आटोपलीं कीं मी सेशेल्स बेटांचा सागरी नकाशा टेबलावर पसरतों. शिडाचें एक कॅटमरान आठ दिवसांकरितां भाड्यानें घ्यावें आणि माहे, प्रास्लिन, ला दीग या बेटांना वळसा घालून यावें, असा आमचा बेत आहे. नाविक सारे घरचेच: थोरले बंधू अण्णा, वहिनी, मी आणि माझी पत्नी.

भरसमुद्रांतील बेटें सामान्यतः ज्वालामुखीचीं किंवा पोंवळ्यांचीं असतात. हीं मात्र ग्रॅनाइटचीं आहेत. हा दगड सुमारें ७५ कोटि वर्षांचा. आपल्या सह्याद्रीचे काळे थर लाव्हारसानें रचले जात होते त्याच सुमारास, म्हणजे ६ कोटि ५० लक्ष वर्षांपूर्वीं, हा तुकडा भारतापासून तुटून दूर गेला. तेव्हां हा परदेशप्रवास म्हणावा कीं दुरावलेल्या भाऊबंदांची भेट, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं. फकिराच्या हातांतील कटोरा ज्या दर्याच्या नारळाचा, तो नारळही प्रास्लिनच्याच रानांत पिकतो.

आंखणींतील खरी मेख वाऱ्याची. मे ते सप्टेंबर तेथें आग्नेयेकडून वारा वाहतो. तोच पुढें विषुववृत्त ओलांडून वळतो आणि आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस होऊन येतो. डिसेंबर ते मार्च तो वायव्येकडून येतो. त्यामुळें एकाच बेटाच्या दोन बाजूंना निरनिराळे ऋतु नांदतात. प्रास्लिनच्या वायव्य टोंकाचा आन्स लाझियो हा किनारा जुलैंत तळ्यासारखा निवांत असतो; जानेवारींत तेथेंच लाटा शिरतात. एप्रिलमध्यें आणि ऑक्टोबरच्या पुढेंमागें वारा पडतो. वहिनींना बोट लागते, म्हणून त्यांचें मत एप्रिलला. अण्णा म्हणतात, "इंजिनाच्या धुरांतच फिरावयाचें, तर भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें रेवसला जाऊं!" माहेहून प्रास्लिन ईशान्येस सुमारें २५ सागरी मैल, आग्नेयेचा वारा थेट बाजूनें मिळतो. शिडाच्या माणसाला याहून अधिक काय हवें?

पण या पाण्यांत वाऱ्याहून डोळ्यांना अधिक काम आहे. नांगर पोंवळ्यांवर टाकावयाचा नाहीं, वाळूंतच टाकावयाचा. आणि वाळू कोठें, खडक कोठें, हें पाण्याच्या रंगावरून ओळखावयाचें. रात्रीं नौका हांकण्यास करारानेंच मनाई. सूर्य सहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो, आणि विषुववृत्ताजवळचा संधिप्रकाश फार रेंगाळत नाहीं.

नौका देणाऱ्यांच्या अर्जांत कप्तानाचें नांव आणि अनुभव लिहावा लागतो. ज्यांना कोणी कप्तान होणारें नसेल, त्यांना तांडेल मिळतो. त्याच्यासाठीं एक खोली सोडावी लागते. मुंबईच्या बंदरांत, माझ्या बाराव्या वर्षीं, मला शीड धरावयास शिकविलें तें अण्णांनीं. आज ते ७१ वर्षांचे आहेत. चमकत्या पाण्यांत त्यांना रंगांचा भेद कळेनासा झाला आहे, असें वहिनींनीं मला एकांतांत सांगितलें. ज्यानें आपल्याला सुकाणूं दिलें त्याच्या हातून तें मागून घेणें, तेंही छापील अर्जावर! कप्तानाची जागा मीं तीन रात्रीं कोरी ठेविली.

चौथ्या रात्रीं अण्णा स्वतःच भिंग घेऊन नकाशावर वांकले. कर्कटकानें अंतरें मोजलीं. मग माझ्याकडे न पाहतां म्हणाले, "तांडेल लिही. उघड्या समुद्रांत सुकाणूं माझ्याकडे. नांगर टाकतांना त्याच्याकडे. तें त्याला अगोदर कळवून ठेव."

मीं लिहिलें. महिन्याची जागा अद्याप रिकामी आहे. अण्णा जुलै सोडीत नाहींत आणि वहिनी एप्रिल.