शंभर डॉलर होईपर्यंत

"सर, वेबसाइट काढलीय म्हणे. एष्टु बंतु?" हा प्रश्न मला बेळगावात मराठी माणूस कन्नडमध्ये विचारतो आणि कन्नड माणूस मराठीत. पैशाचा विषय निघाला की आपल्याकडे भाषेचा वाद उरत नाही!

तर उत्तर असे. पहिले शंभर डॉलर जमायला मला सतरा महिने लागले. गुगलची ॲडसेन्स ही सेवा २००३ सालापासून आहे. आपण आपल्या पानावर जागा द्यायची, जाहिराती ते आणून लावतात आणि मिळकतीतला वाटा आपल्याला देतात. पण शंभर डॉलर भरल्याशिवाय हातात काही पडत नाही. दहा डॉलर झाले तेव्हा पत्त्याची खात्री करण्यासाठी त्यांचा पिन नंबर चक्क पोस्टाने आला. इंटरनेटच्या कारभारातही पोस्टमनला मान आहे, हे पाहून आईला फार बरे वाटले.

बी.ए.च्या मुलांनी "सर, आम्ही सगळे रोज जाहिरातींवर क्लिक करतो" अशी गुरुदक्षिणा देऊ केली होती. ती हात जोडून नाकारावी लागली. असे क्लिक बाद होतात, खातेही बंद होऊ शकते.

सुरुवात मी मराठी-कन्नड शब्दांपासून केली होती. आपले तूप आणि त्यांचे तुप्प, अडकित्त्यात दडलेली 'अडिके' म्हणजे सुपारी, असे शब्द हौसेने जमवले. ॲडसेन्स मराठी पानांना २०१८ पासून जाहिराती देते खरी, पण जाहिरातीचा भाव लिलावाने ठरतो. तुपाच्या व्युत्पत्तीशेजारी जागा मिळावी म्हणून कोण बोली लावणार? वाचक आले, पैसे आले नाहीत.

कमाई केली ती पहाणीच्या पानाने. इकडे शेताचा उतारा कन्नडमध्ये निघतो. घरात त्याला 'सातबारा' म्हणणारी कितीतरी मराठी कुटुंबे तो दुसऱ्याकडून वाचून घेतात. खुष्की, तरी, बागायत, खराब हे शब्द कानाला ओळखीचे, पण कन्नड लिपीत डोळ्यांना परके. म्हणून एकेक रकाना मराठीत समजावून लिहिला. अकराव्या रकान्यातले 'ऋणगळु' म्हणजे जमिनीवरचा बोजा, तो पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये, हेही लिहिले. वाचक वाढले. महिन्याला पंधरा डॉलर दिसू लागले. बाराशे रुपये! मुलीच्या शिकवणीची फी नेमकी तेवढीच. सौभाग्यवतींनी वहीत तशी नोंदही करून टाकली.

मग एके दिवशी खानापूर तालुक्यातून एका शेतकऱ्याचा फोन आला. वयस्कर आवाज. "सर, खाली पाच मिनिटांत कर्ज म्हणून लिवलंय, ते तुम्हीच देताय काय?" मी नाही म्हटले. "तुमच्या पानावर हाय म्हणून इचारलं. कालेजच्या सरांचं म्हंजे बरं असंल." पान उघडून पाहिले. बोजा समजावणाऱ्या परिच्छेदाच्या अगदी खाली कर्ज देणाऱ्या ॲपची जाहिरात. ती निवडणारा मी नव्हतो, पण त्या माणसाला ते कसे कळावे? आणि असली ॲपे वसुलीसाठी माणसाच्या ओळखीपाळखीच्यांना फोन करून कशी अब्रू काढतात, हे आपण सगळे वाचत आलो आहोत.

विशिष्ट प्रकारच्या जाहिराती बंद करण्याची सोय ॲडसेन्समध्ये असते. त्या रात्री कर्जाच्या सगळ्या बंद केल्या. पुढच्या महिन्यात सहा डॉलर.

"फीचं काय?" सौभाग्यवतींनी विचारले. फोनची हकीगत सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. "पुन्हा फोन आला तर विचारा त्यांना, दुसरीकडून काही घेतलं नाही ना," एवढेच म्हणाल्या, आणि वहीतली नोंद खोडली.

आता डोमेन आणि होस्टिंगचा खर्च वजा जाता वर्षाला दोन-अडीच हजार उरतात. प्राचार्यांना लेखी कळवले आहे, आयकराच्या विवरणातही दाखवतो. फी पगारातून जाते. पहाणीच्या पानाखाली हल्ली बहुतेक वेळा पाण्याच्या मोटारीची जाहिरात असते.