शेरलॉक होम्सची शिष्या



"या वयात खुनाच्या गोष्टी कसल्या वाचता?" असं परवा मंदिरात एकीने विचारलं. आपल्या धर्मात मुंगीलासुद्धा जपायचं, तेव्हा तिचं विचारणं गैर नाही. पण मला त्यात खून आवडत नाही, हिशेब आवडतो. तेरीज जुळत नाही म्हटल्यावर एकेक नोंद मागे तपासत जायचं, तसंच हे. कॉमर्स केलेल्या बाईला दुसरं काय रुचणार!

आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं उरकतात, मग संध्याकाळ मोठी. त्या वेळात लॉरी आर. किंग या अमेरिकन लेखिकेची मालिका वाचते आहे. सुनेने टॅबवर घालून दिली. इंग्रजी आहे, सावकाश वाचते.

शेरलॉक होम्स सगळ्यांना माहीत आहे. कॉनन डॉयलनेच त्याला निवृत्तीनंतर इंग्लंडच्या ससेक्समध्ये मधमाश्या पाळायला बसवलं होतं. किंगबाईंनी तिथून धागा उचलला. 'द बीकीपर्स ॲप्रेंटिस' हे पहिलं पुस्तक १९९४ चं. काळ १९१५, महायुद्ध चालू. मेरी रसेल ही पंधरा वर्षांची पोरकी मुलगी पुस्तकात डोकं घालून टेकडीवर चालली आहे आणि जमिनीवर बसून मधमाश्या न्याहाळणाऱ्या एका माणसावर जवळजवळ पाय देते. तो होम्स. एवढा मोठा निरीक्षक, पण तिला मुलगा समजतो! मी एकटीच हसले.

पुढे तो तिला शिकवतो. वेषांतर, पावलांचे ठसे, माणूस कसा ओळखायचा, सगळं. "मुलगी आहे, जमेल तेवढं कर" असं नाही. चुकली की स्पष्ट सांगतो, आणि तिचं बरोबर असलं की मान्य करतो.

हे वाचताना मी बराच वेळ थांबले. बी.कॉम.चा निकाल लागला त्याच वर्षी माझं लग्न झालं. सासरी काही कमी पडलं नाही, देवाच्या दयेने सगळं छान आहे. पण भाजी कोणती करायची हे सोडून "तुला काय वाटतं?" असं मला कोणी विचारल्याचं फारसं आठवत नाही. भिशीचा हिशेब मात्र आजही माझ्याकडेच असतो, कारण तो चुकत नाही.

मेरीचे पैसे ती एकवीस वर्षांची होईपर्यंत मावशीच्या ताब्यात, आणि मावशी महाकंजूष. दुसऱ्या पुस्तकात तिला तिची इस्टेट मिळते, तेव्हा मला खुनी सापडण्यापेक्षा जास्त आनंद झाला. ती ऑक्सफर्डला धर्मशास्त्र शिकते. तिची आई ज्यू होती, त्यामुळे जुने ग्रंथ बारकाईने वाचायची ओढ तिला आहे. आपल्याकडे स्वाध्याय करणाऱ्या बायकांना ती नक्की जवळची वाटेल.

एक गोष्ट मात्र मला पटली नाही. पुढे गुरू-शिष्येचं लग्न होतं. वयात केवढं अंतर! गुरू तो गुरूच राहायला हवा होता. सून म्हणते, "आई, ती बरोबरीची झाली म्हणूनच." असेल बाई.

मधाचं म्हणाल तर तो आपल्याला वर्ज्यच, त्यामुळे पोळ्यातून मध काढायचं आलं की मी पान उलटते. माश्यांचं निरीक्षण मात्र पुन्हा वाचते.

आणखी एक गंमत. पुस्तकं तीस वर्षांहून जास्त काळ निघत आहेत, पण कथेत जेमतेम दहा-अकरा वर्षं सरली आहेत. पहिलं पुस्तक तरुणपणी वाचलेल्या बायका आता आज्या झाल्या असतील, मेरी अजून पंचविशीतच!

'द गेम'मध्ये दोघं १९२४ च्या हिंदुस्थानात येतात, किपलिंगच्या मोठ्या झालेल्या किमला शोधायला. आपला देश साहेबाच्या नजरेने दिसतो, तेवढं सोसायचं. पण सुरुवात पहिल्यापासूनच करा, मधूनच एखादं उचलू नका. कोणाला हवं असेल तर सुनेला विचारून कसं मिळवायचं ते सांगते.