ओटीपासून मागील दारापर्यंत

राजापूर तालुक्यातील आमचे जांभ्याचे घर ओटीपासून मागील दारापर्यंत मोजले, तर जेमतेम 50 पावलांचे आहे. गेली 30 वर्षे मी या घरात वावरतो. वीज गेली तरी न अडखळता हिंडू शकतो, त्यामुळे या घराचा कानाकोपरा आपल्याला ठाऊक आहे, असा माझा समज होता. यंदाच्या मे महिन्यात मुलगी आपल्या नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन पुण्याहून आली आणि तो समज पहिल्याच संध्याकाळी गळून पडला.

बाळ नुकतेच रांगू लागले होते. त्याला खाली सोडण्याआधी मुलगी म्हणाली, "बाबा, आधी आपण दोघे रांगू या." मला ती थट्टा वाटली; पण तिने ओढणी कमरेला खोचली आणि गुडघे टेकले. माझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांची समजूत घालून मीही तिच्यामागून निघालो. जमिनीपासून वीतभर उंचीवर नजर ठेवून केलेला तो अर्ध्या तासाचा प्रवास मला विसरता येणार नाही.

ओटीवरचा झोपाळा खालून पाहिला, तेव्हा त्याच्या फळीची कड बरोबर बाळाच्या कपाळाच्या उंचीवर येते, हे ध्यानात आले. बाकाखाली एक रुपयाचे नाणे होते, रिमोटमधून निसटलेला बटणासारखा चपटा सेल होता आणि माझीच रक्तदाबाची एक गोळी होती. रुग्णांना औषधे मुलांच्या हाती लागू देऊ नका, असे रोज बजावणाऱ्या डॉक्टरच्या घरातली ती गोळी! त्या चपट्या सेलचे भय तर अनेकांना ठाऊकच नसते. तो अन्ननलिकेत अडकला, तर सुमारे दोन तासांत तेथे खोल जखम करू शकतो. बाळाने तो गिळल्याची नुसती शंका आली, तरी वाट न पाहता एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

माजघरात सुपात फणसाच्या आठळ्या वाळत होत्या. आठळी, शेंगदाणा, फुटाणा, सुपारीचे खांड यांपैकी काहीही बाळाच्या श्वासनलिकेत अडकू शकते. वर्षाच्या आतील बाळ गुदमरले आणि त्याला रडता-खोकता येईना, तर घशात आंधळेपणाने बोट घालू नये. त्याला आपल्या हातावर, डोके छातीपेक्षा खाली राहील असे पालथे धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाच जोरदार थापा माराव्यात. मग उताणे करून छातीच्या मधल्या हाडावर पाच वेळा दाब द्यावा. अडकलेली वस्तू निघेपर्यंत हेच आलटून-पालटून करावे आणि त्याच वेळी दुसऱ्या कोणाला तरी मदतीसाठी धाडावे. बाळ निपचित पडले, तर त्याला जमिनीवर ठेवून हृदय-श्वसन पुनरुज्जीवन सुरू करावे. हे शिक्षण प्रत्येक घरात निदान एकाने तरी घेतलेले असावे.

देवघर आमच्याकडे जमिनीलगतच आहे. समई आणि उदबत्ती यांचा धोका दिसतो. कापराचा दिसत नाही. कापराची लहानशी वडी पोटात गेली, तरी बाळाला थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. त्या संध्याकाळी आमचा कापूर वरच्या कोनाड्यात गेला. देवाने काही तक्रार केली नाही.

मागील पडवीत काजूबियांची रास होती. कच्च्या बीच्या टरफलातील तेलाने कातडी भाजते, तेथे बाळाच्या ओठांची काय कथा! पलीकडे लाकडे रचलेली, म्हणजे विंचवाचे घर. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, तेव्हापासून कोकणातल्या कितीतरी मुलांचे प्राण वाचले. पण लाकडे अंगणाच्या कडेला हलवणे हा त्याहून सोपा उपाय आहे. न्हाणीत भरलेली बादली होती. रांगत्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. ते बादलीत तोल जाऊन पडले, तर त्याला स्वतःला सावरता येत नाही. नाकतोंड बुडायला दोन इंच पाणीही पुरते आणि हे सारे आवाज न होता घडते. आम्ही बादली पालथी घातली.

मग मुलगी पडवीतल्या कोपऱ्याशी थांबली आणि म्हणाली, "तो हाच कोपरा ना, बाबा?"

हो, तोच. 1997 चा जून महिना. पावसाने वीज गेली होती आणि कंदिलात घालण्यासाठी मी रॉकेल सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतून त्या कोपऱ्यात ठेवले होते. काडेपेटी आणायला आत गेलो, तो मिनिटभरच. परतलो तेव्हा दहा महिन्यांची माझी मुलगी बाटली तोंडाला लावून बसली होती. दचकून ती खोकू लागली. शेजारच्या काकू धावत आल्या. मीठपाणी पाजून उलटी करवा, असा त्यांचा आग्रह. रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसात गेले की अधिक घातक ठरते आणि उलटीने ते तेथेच जाते, एवढे मला माहीत होते, म्हणून मी त्यांना अडवले. तिचे रॉकेलने भिजलेले कपडे काढले, अंग धुतले आणि बाटली सोबत घेऊन रुग्णालय गाठले. संध्याकाळी तिला ताप भरला, श्वास जलद झाला. तीन दिवस ती प्राणवायूवर होती आणि त्या तीन दिवसांत मी डॉक्टर नव्हतो. केवळ एक अपराधी बाप होतो. रॉकेल प्यायलेले मूल वरून ठीक दिसले, तरी निदान सहा तास वैद्यकीय देखरेखीखाली ठेवावे लागते, हे मी आजही प्रत्येक पालकाला सांगतो. ते का सांगतो, हे मात्र क्वचितच सांगतो.

ती बरी झाली. पण मी झालो नाही. घरी आल्यावर मी घर सुधारण्याऐवजी मुलीलाच बांधून घातले. पाळणा, कडेवर, नाहीतर फळ्या लावून अडवलेला ओटीचा कोपरा, एवढेच तिचे जग झाले. कधी चुकून खाली उतरली, तर ती उंबरठ्यापर्यंत जाई, मागे वळून माझ्या तोंडाकडे पाही आणि परत फिरे. मी तोंडाने काहीच बोलत नसे. तिला माझ्या चेहऱ्यावर काय दिसत होते, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी एका संशोधनाविषयी वाचताना उमगले.

कॉर्नेल विद्यापीठातील एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी 1960 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. जाड काचेच्या टेबलाखाली अर्ध्या भागात चौकटीचे कापड काचेला लागून, तर उरलेल्या भागात ते खूप खाली अंथरलेले, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे की येथे कडा आहे. रांगती बाळे बहुधा त्या कड्याशी थबकत. पुढे सोर्स, एम्डे, कॅम्पोस आदी संशोधकांनी 1985 मध्ये हाच कडा उथळ केला, इतका की धोका आहे की नाही हे कळू नये, आणि पलीकडे आईला उभे केले. आईचा चेहरा हसरा असताना एक वर्षाच्या 19 बाळांपैकी 14 पलीकडे गेली. चेहऱ्यावर भीती असताना 17 पैकी एकही गेले नाही. बाळाला वाट ठाऊक नसते, तेव्हा ते आपला चेहरा वाचते.

हे सारे आठवत मी ओटीवर बसलो होतो. मुलीने नातवाला माजघरात सोडले. हात-गुडघे टेकून तो निघाला, वाटेत सुपाच्या जागी ठेवलेली लाकडी पळी त्याने आपटून पाहिली, चाटून पाहिली आणि उंबरठ्याशी येऊन थांबला. मान वर करून त्याने आईकडे पाहिले. ती हसली. घर तिने आधीच पाहून घेतले होते, म्हणून तिला हसता आले. त्याने एक हात पलीकडे टाकला, पोट उंबरठ्यावर अडकले, पाय हवेत झाडले आणि तो ओटीवर उतरला. पुढे पडवीच्या पायरीशी मात्र तिने आडवी फळी लावली होती. तेथे तो पोहोचताच ती शांतपणे म्हणाली, "इथे नाही हं," आणि तिचा चेहरा गंभीर झाला. एकाच घरातल्या या दोन सीमा त्याला त्या दोन चेहऱ्यांवरून कळू लागल्या. माझ्या मुलीला मी फक्त दुसराच चेहरा दाखवला होता.

शेजारपाजारहून विचारणा होई, "अजून पोटावरच सरकतो का?" किंवा "आमचा तर सहाव्या महिन्यातच रांगला." जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील बालकांचा अभ्यास करून 2006 मध्ये जी कालमर्यादा दिली, तीत हात-गुडघ्यांवर रांगणे 5.2 ते 13.5 महिन्यांपर्यंत केव्हाही सुरू होते आणि शंभरातील सुमारे चार मुले तसे रांगतच नाहीत, पुढचा टप्पा गाठतात. म्हणून तुलनेने खचू नये. बाळ एकाच बाजूचे हातपाय वापरत असेल, अंग फार ताठ वा फार सैल वाटत असेल किंवा आधी येत असलेली हालचाल बंद झाली असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. एका आप्तांनी प्रेमाने चाकांचा वॉकर आणला होता, तो आम्ही नम्रपणे परत केला. त्यात बसून बाळ क्षणात पायरीपर्यंत पोहोचते. कॅनडाने 2004 पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे.

तीन आठवड्यांनी मंडळी पुण्याला परतली. दुसऱ्या दिवशी पत्नीने विचारले, "कापूर आणि औषधांचा डबा पुन्हा खाली घेऊ का?" मी म्हटले, "राहू दे. गणपतीत ती येतीलच." मग बोलता बोलता लक्षात आले की तोवर तो कपाटाला धरून उभा राहू लागला असेल. म्हणजे खालचा कप्पा रिकामा केल्याने आता भागायचे नाही. चतुर्थीच्या आठवडाभर आधी पुन्हा एकदा हे घर पाहायला निघावे लागेल. या वेळी गुडघ्यांवरून नव्हे, मेजाच्या उंचीवरून.